काचेला भाव नाही

मागच्या महिन्यात आमच्या विभागातलं जुनं कोटिंग युनिट भंगारात गेलं. भंगारवाल्यानं डिफ्यूजन पंपाभोवतीची तांब्याची नळी नखानं खरवडून पाहिली आणि तिचा भाव वेगळा केला. जन्मभर आम्ही धातू अँगस्ट्रॉममध्ये मोजला, त्यानं तो किलोत मोजला.

धातूच्या बारीक कणांचा इतिहास थोडक्यात उरकतो. फॅरडेनं 1857 मध्ये सोन्याच्या सूक्ष्म कणांचा लाल रंग दाखवला. 1908 मध्ये गुस्ताव मी यांनी त्या रंगाचं गणित मांडलं (त्यांचं आडनावच ‘मी’, आम्हाला मात्र पेपरात तो शब्द वापरायची चोरी!). पुढची सत्तर वर्षं गाळतो. 1980च्या दशकात कॅनडातल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत कोव्हॅक्स आणि व्हिन्सेट यांनी तापवलेल्या पॉलिमरवर सेलेनियमची वाफ सोडली. कण पृष्ठभागाच्या जरा खाली जाऊन बसले. मऊ पॉलिमरवर चांदी बसवायची आमची वाट तिथून निघाली.

नव्वदचं दशक मात्र आमचं. टोल्युइनमध्ये विरघळवलेलं पॉलिस्टायरीन काचेवर ओतून वाळवायचं, स्लाइड बेल जारमध्ये उलटी टांगायची, मागे हीटर. आधी रोटरी पंप, मग डिफ्यूजन. पेनिंग गेजचा काटा 10⁻⁶ टॉरकडे सरकेपर्यंत दुपार सरायची. मध्येच वीज गेली की रोटरीचं तेल उलटं ओढलं जाऊ नये म्हणून व्हॉल्व्हकडे धाव! मग मॉलिब्डेनमच्या बोटीतल्या चांदीचा थेंब चमकला की शटर उघडायचं, क्रिस्टल मॉनिटरवर जाडी भरली की बंद.

पॉलिमर थंड असेल तर चांदीची बेटं वरच राहायची आणि हवा लागली की त्यांचा विद्युत रोध भलतीकडे सरकायचा. पॉलिस्टायरीन 100 अंशांच्या आसपास मऊ होऊ लागतं. त्याच्या बरंच वर तापवलं, की साईखाली केशर राहावं तसे कण आत उतरायचे, स्लाइड पिवळी व्हायची. पॉलिस्टायरीनऐवजी पॉली-4-व्हिनिलपिरिडीन घेतलं, तर त्यातला नायट्रोजन चांदीला धरून ठेवायचा. कण बारीक आणि दाट. म्हणजे कौशल्य चांदीत नव्हतंच, ती कशावर पडते यात होतं.

‘बेटांच्या फिल्म आता जुन्या झाल्या’ असा शेरा मारून आमचा प्रस्ताव परत पाठवणारे गृहस्थ पुढे, 2001 मध्ये सरकारचा नॅनो उपक्रम आल्यावर, नॅनोवर बीजभाषणं देत हिंडले. 2007 मध्ये हजार कोटींचं नॅनो मिशन आलं. तिकडे जर्मनीत कील विद्यापीठात फाउपेल यांच्या गटानं टेफ्लॉन एएफ हे पॉलिमर आणि धातू शेजारशेजारच्या स्रोतांतून एकत्र उडवून दाखवले. आम्ही मात्र बोटी मागवायच्या फाइलवर सह्या गोळा करत होतो.

आता मुलं बीकरमध्ये अर्ध्या तासात कण पाडतात, फोटो काढतात, पेपर लिहितात. काटा उतरायची वाट कोण बघणार?

बेल जार भंगारवाल्यानं नेला नाही. “काचेला भाव नाही,” म्हणाला. व्हरांड्यात पडलाय. आत आता 760 टॉर.