एका फोनची निवड

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नल्लकुंट्याच्या घरी एक लहानसा प्रश्न उभा राहिला. परंतु त्याचा निकाल लागेपर्यंत चार संध्याकाळी खर्ची पडल्या. मातोश्रींचा स्मार्टफोन निकामी झाला होता आणि नव्यासाठी पंधरा हजार रुपये बाजूस काढले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. तेव्हापासून आमच्यासारख्या घरांचे निम्मे गणगोत इकडे व निम्मे तिकडे आहे. मातोश्रींची धाकटी बहीण परभणीस असते. सायंकाळी पडद्यावर तिचा चेहरा दिसल्यावाचून मातोश्रींस चैन पडत नाही. त्यातून हाच फोन रात्री दहावीत शिकणाऱ्या आमच्या पुतणीच्या अभ्यासासाठी हवा होता. दोन फोन घेण्याइतका पैसा नव्हता.

पुतणीने जाहिराती वाचून एक टिपण केले होते. त्यात मोठमोठे आकडे होते, आणि प्रत्येक फोन कोणत्या ना कोणत्या आकड्यात अव्वल होता. आम्ही ते टिपण घेऊन बसलो, तेव्हा ध्यानात आले की फोनची पेटी एवढीशीच असल्यामुळे तिच्यात एका गुणाला जागा दिली की दुसऱ्याची जागा जाते. आणि किंमत ठरलेली असली म्हणजे तर ही ओढाताण अधिकच होते.

बॅटरीचेच पाहा. ५००० मिलिअँपिअर-तास याचा अर्थ असा की, ५०० मिलिअँपिअर प्रवाह सतत घेतला तर ती सुमारे दहा तास पुरेल. यापेक्षा मोठी घेतली तर फोन सहसा जाड व जड होतो, आणि पंचाहत्तरीच्या मनगटाला दोनशे ग्रॅम वजनही अर्ध्या तासात जाणवू लागते. लवकर भरणारी बॅटरी सोयीची खरी. परंतु उष्णता ही लिथियम-आयन बॅटरीची वैरीण आहे, आणि वैशाखात चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या हैदराबादेत तिला आणखी तापवणे शहाणपणाचे नव्हे. बॅटरी कालांतराने क्षीण होतेच. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तेथे विक्रीस येणाऱ्या फोनांना असा नियम लावला आहे की, ८०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावरही बॅटरीत निदान ८० टक्के क्षमता शिल्लक असली पाहिजे.

कॅमेऱ्याच्या आकड्याने मात्र आम्हांस खरोखरच चकविले होते. पन्नास मेगापिक्सेल म्हणजे प्रकाश टिपणारे पाच कोटी बिंदू. विद्यार्थिमित्रहो, पावसात एक परात ठेवा आणि तिच्यात वाट्या मांडा. वाट्या जितक्या अधिक, तितक्या त्या लहान आणि प्रत्येकीत पाणी कमी. परातीवर पडणारा पाऊस मात्र तेवढाच. म्हणूनच असे अनेक कॅमेरे चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतात. अंधारात चित्र चांगले यावे तर परात मोठी हवी, आणि जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत परातीचे माप क्वचितच असते!

‘८ अधिक ८’ जीबी स्मृती ही दुसरी गंमत. तिच्यातील दुसरे आठ हे साठवणीच्या जागेतून उसने घेतलेले असतात, आणि ती जागा खऱ्या स्मृतीपेक्षा पुष्कळच मंद असते.

पडद्याविषयी आमच्या घरी वाद झाला. अ‍ॅमोलेड पडद्यावर काळ्या जागेचे बिंदू विझलेले असतात, म्हणून वीज वाचते. एलसीडीच्या पाठीमागचा दिवा मात्र जळतच राहतो. परंतु मातोश्री वाचणार ते पांढऱ्या पानावरचे वृत्तपत्र! तेथे हा लाभ फारसा उरत नाही. सेकंदाला १२० वेळा बदलणारे चित्र डोळ्यांस मऊ वाटते, तथापि त्याला वीज अधिक लागते.

शेवटी आम्ही तिघे आबिड्सच्या जगदीश मार्केटात गेलो. दुकानदार आकडे सांगत होता. मातोश्रींनी त्याच्याकडे लक्ष न देता फोन एका हातात धरला, अक्षरे मोठी करावयास सांगितली, घंटी वाजवून ऐकली आणि मग बाहेर उन्हात जाऊन पडदा वाचून पाहिला. आम्ही एवढेच विचारले की, सुरक्षिततेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार? गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ साली एस २४ साठी सात वर्षांचे वचन दिले. परंतु ते महागडे फोन. आमच्या ऐपतीच्या फोनांत दोन वर्षांपासून पुढे निरनिराळी उत्तरे मिळाली. त्या एका उत्तरावर दोन देखणे फोन बाद झाले.

जो घेतला त्याचा कॅमेरा बेताचा आहे. दुकानातून बाहेर पडताना पुतणी गप्प होती; तिचा रुसवा गैर होता असे आम्हांस आजही वाटत नाही, कारण सोडलेली गोष्ट तिच्याच वाट्याची होती. दिव्याच्या उजेडात काढलेली वहीची छायाचित्रे पुसट येतात, म्हणून हल्ली ती मैत्रिणींच्या टिपणांची पाने दुपारीच टिपून ठेवते. संध्याकाळी सात वाजता फोन मातोश्रींच्या हाती जातो, आणि परभणीचे बोलणे संपेपर्यंत तो कोणासही मिळत नाही.