टेप शाबूत, पण वाट बंद

गोंदिया–बालाघाट–जबलपूर हा लोहमार्ग पूर्वी नॅरोगेज होता. जबलपूरहून दक्षिणेकडे निघालेल्या गाड्या त्यामुळे इटारसी-नागपूरमार्गेच जात. मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर बालाघाटवरून दुसरी वाट खुली झाली. आता इटारसीच्या बाजूला अडथळा आला, तरी वाहतूक पूर्णपणे ठप्प होण्याचे कारण नाही. संगणकीय माहितीच्या राखीव प्रती सांभाळणाऱ्या टेप-भांडारांतही हेच तत्त्व वापरले जाते.

चुंबकीय टेप कालबाह्य झाली, हा समज चुकीचा आहे. एलटीओ-९ प्रकारच्या एका टेपवर १८ टेराबाइट माहिती मावते. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या काही ग्राहकांचे संदेश नाहीसे झाले, तेव्हा गूगलने ते टेपवरूनच परत मिळवले. परंतु टेप सुरक्षित असूनही सर्व्हर आणि टेप-ड्राइव्ह यांना जोडणारी केबल किंवा मधला स्विच निकामी झाला, तर त्या रात्रीचा बॅकअप अर्धवट राहतो. म्हणूनच प्रत्येक ड्राइव्हपर्यंत दोन मार्ग ठेवले जातात.

डिस्कच्या बाबतीत मार्ग बदलणे तुलनेने सोपे असते. डिस्कवर प्रत्येक नोंदीला ठरावीक पत्ता असतो. तीच नोंद त्याच पत्त्यावर पुन्हा लिहिली तरी बिघडत नाही. टेपवर मात्र नोंदी एकामागून एक लिहिल्या जातात. शेवटची नोंद पोहोचली की नाही हे कळण्याआधीच जोडणी तुटली आणि संगणकाने ती पुन्हा धाडली, तर ती दोनदा उमटेल. धाडली नाही, तर कदाचित गाळली जाईल. यावर उपाय म्हणून सर्व्हरमधील नियंत्रक सॉफ्टवेअर दुसऱ्या मार्गाने ड्राइव्हला टेपची नेमकी स्थिती विचारते, आपल्या नोंदीशी ती ताडून पाहते आणि मगच लेखन पुढे सुरू करते. याला ‘डेटा-पाथ फेलओव्हर’ म्हणतात.

टेपा उचलून ड्राइव्हमध्ये बसवणाऱ्या यांत्रिक हातालाही आज्ञा लागतात. अनेक भांडारांत त्या एखाद्या ड्राइव्हच्याच जोडणीतून जातात. ती जोडणी तुटली, तर बाकीचे ड्राइव्ह चालू असूनही टेप बदलता येत नाही. आज्ञांसाठी दुसऱ्या ड्राइव्हची जोडणी राखून ठेवण्यास ‘कंट्रोल-पाथ फेलओव्हर’ म्हणतात.

मात्र दोन्ही मार्ग खरोखर स्वतंत्र हवेत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत कोकण रेल्वेची वाहतूक खंडित झाली, तेव्हा मंगळूरहून मुंबईकडे निघालेली एक गाडी मडगाव-लोंढा-मिरजमार्गे वळवण्यात आली. ती दूधसागर-सोनावळी दरम्यान दरडीमुळे घसरली. मार्ग दोन होते, पाऊस एकच होता. त्याचप्रमाणे दोन केबली एकाच स्विचला जोडल्या किंवा दोन्ही स्विच एकाच वीजजोडणीवर ठेवले, तर दुसरा मार्ग नावापुरताच उरतो.

आणखी एक धोका आहे. पहिला मार्ग बंद पडूनही काम बिनबोभाट चालू राहते, म्हणून बिघाड कोणाच्या ध्यानात येत नाही. मग दुसरा बंद पडताच सारेच थांबते. यासाठी पहिल्याच बिघाडाची सूचना तत्काळ मिळाली पाहिजे. तसेच ठरावीक काळाने एक केबल मुद्दाम काढून बॅकअप पुरा होतो का, आणि तो परत वाचता येतो का, हे पाहिले पाहिजे. जोडण्या कितीही वाढवल्या तरी त्यांनी फक्त टेपपर्यंतची वाट खुली राहते. टेपच नष्ट झाली, तर अन्यत्र ठेवलेली दुसरी प्रतच कामी येते.