फायबर गावात आलं, घरात कधी येणार?

खरिपाची पेरणी आटोपली की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यामागे ई-पीक पाहणी लागते. शेतात उभं राहायचं, मोबाइलवर गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा आणि माहिती अपलोड करायची. 15 ऑगस्ट 2021 पासून ही पद्धत राज्यभर लागू आहे. पीक सातबाऱ्यावर चढलं नाही, तर नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत सगळीकडे अडतं. डोंगराळ भागात फोटो निघतो, पण पुढे जात नाही. मग रेंज सापडेल त्या टेकाडावर चढायचं, नाहीतर तालुक्याची वाट धरायची. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी आणि अंगणवाडीतल्या पोषणाच्या नोंदीही आता अ‍ॅपवरच होतात. कचेरीचं दार सरकारने ऑनलाइन केलं असेल, तर त्या दारापर्यंतचा रस्ता बांधणं हेही सरकारचंच काम आहे.

त्यासाठी पैसा नाही, असं म्हणायला जागा नाही. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला 5 टक्के हिस्सा वर्षानुवर्षं ग्रामीण सेवेसाठीच्या निधीत जमा होतो. त्याला आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणतात. आपण मारलेल्या प्रत्येक रिचार्जचा अंश त्यात असतो. याच निधीतून सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली, तीही दोन वर्षांत पुरी करायच्या बोलीवर. 2015 मध्ये तिचं ‘भारतनेट’ असं बारसं झालं, मुदती मात्र पुढेच सरकत राहिल्या.

खरी गोम वेगळीच आहे. केबल ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येते, भिंतीवर एक पेटी बसते, शेजारी बॅटरी ठेवली जाते आणि गाव ‘जोडलं’ म्हणून यादीत चढतं. वीज गेली, बॅटरी उतरली की पेटी बंद. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली, तर एकाच सरळ ओळीत जोडलेली पुढची सगळी गावं एकदम तुटतात. पेटी चालू असली, तरी तिथून घरापर्यंतची तार ओढायची कुणी, बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा, याचं उत्तर गावात कुणाकडेच नसतं.

मोबाइल डेटा स्वस्त आहे, मग तार कशाला, असं शहरात बसून विचारणं सोपं आहे. टॉवरची क्षमता साऱ्या गावात वाटली जाते. संध्याकाळी सगळे घरी आले की वेग पडतो. जुलै 2024 मध्ये बड्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा हातावर पोट असणाऱ्यांना ते लगेच जाणवलं. घरात फोन एकच असला तर तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष 57 टक्के होते, स्त्रिया 33 टक्के. घरात जोडणी आली, तर मुलीच्या अभ्यासाला वडील शेतातून परत येईपर्यंत थांबावं लागणार नाही. वेगाचंही तेच. 2023 पासून सरकारी व्याख्येत 2 एमबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. दोन मुलं एकाच वेळी ऑनलाइन तासाला बसली, तर त्यात काय भागणार?

केरळने इंटरनेट हा नागरिकांचा हक्क मानला. तिथल्या उच्च न्यायालयाने 2019 मध्ये विद्यार्थिनींच्या वसतिगृहातल्या मोबाइलबंदीच्या खटल्यात इंटरनेटचा संबंध थेट शिक्षणाच्या हक्काशी जोडला. जून 2023 मध्ये राज्याने स्वतःचं फायबर जाळं, के-फॉन, सुरू केलं आणि 20 लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचं ठरवलं. जोडण्यांचा वेग तिथेही घोषणेइतका नाही. पण उद्दिष्ट कुटुंबांत मोजलं, केबलच्या किलोमीटरांत नाही, हे मला मोलाचं वाटतं.

केंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये 1.39 लाख कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. त्यात केबलची वर्तुळाकार जोडणी आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. दहा वर्षांची देखभाल आहे आणि दीड कोटी ग्रामीण घरांत जोडण्या देण्याचं लक्ष्यही आहे. आराखडा योग्य आहे. तो कागदावर राहू नये, यासाठी गावानेच पाठपुरावा करायला हवा. येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: आपल्या पंचायतीतली पेटी आज चालू आहे का, तिच्यावरून किती घरांना जोडणी मिळाली आणि केबल तुटली तर किती दिवसांत जोडायची जबाबदारी कुणाची? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.