मामांचं खाजण

यंदा मे महिन्यात माझे थोरले मामा पहिल्यांदाच सिंगापूरला आले. बॅगेत आगळाच्या दोन बाटल्या, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला आणि सगळ्याच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद. "सावकाशीन वाच आणि सही कर," एवढंच बोलून त्यांनी तो टीव्हीजवळ ठेवला.

कागद संमतीपत्राचा होता. वेंगुर्ले तालुक्यात खाडीच्या कडेला माझ्या आजोळचं दोनेक एकर खाजण आहे. आजोबांच्या मागे ते मामांच्या आणि माझ्या आईच्या नावावर लागलं. आई गेल्यावर वारस म्हणून दादाचं आणि माझं नाव सातबाऱ्यावर चढलं. बाहेरचा एक माणूस ही जमीन घ्यायला तयार होता. त्याला तिथे पर्यटकांसाठी बंगल्या बांधायच्या होत्या. खाजणात आता माणूसभर उंचीची तिवरं आणि चिप्प्या माजल्यात, त्यांचं काय, असं दादाने विचारलं तेव्हा त्याच्या माणसाने सांगितलं म्हणे, की पाणी अडवलं की झाडं आपोआप मरतात, मग हळूहळू भराव घालायचा.

लग्नानंतर काही वर्षं मी शाळेत भूगोल शिकवत होते. खारफुटीचे फायदे मुलांकडून पाठ करून घेतलेत, चार गुणांचा प्रश्न असायचा. तो कागद समोर आला तेव्हा कळलं, की त्या चार गुणांत मामा कुठेच नव्हते.

पहिला आठवडा आम्ही दोघांनीही विषय काढला नाही. गार्डन्स बाय द बे झालं, सेंतोसा झालं. मामा सगळीकडे "बरां आसा" म्हणत होते. मग एका रविवारी मी त्यांना सुंगेई बुलोला नेलं. सिंगापूरच्या उत्तर टोकाला, क्रांजीच्या पुढे ही खारफुटी आहे. आपल्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन तिथे मगर बघायला जातात. मामांनी मगरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चिखलात उड्या मारणारे निवटे बघून ते खूश झाले आणि पुढे एका बांधावर थबकले. "अगो, ही तर उघाडी!"

खरंच होती. खाजणाच्या बांधाला भरतीचं पाणी आत-बाहेर करायला जे दार असतं, ते. सुंगेई बुलोत पूर्वी कोळंबीची तळी होती. भरतीबरोबर कोळंबीची पिल्लं आत घ्यायची, दार लावायचं आणि वाढली की ओहोटीला जाळं लावून धरायची. 1986 मध्ये पक्षीनिरीक्षकांना इथे उत्तरेकडून येणाऱ्या पाणपक्ष्यांचे थवे दिसले. तेव्हाच्या मलायन नेचर सोसायटीच्या इथल्या शाखेने ही जागा राखावी म्हणून सरकारकडे पाठपुरावा केला. 1989 मध्ये ती निसर्ग उद्यानासाठी ठरली, 1993 मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि 2002 पासून कायद्याने राखीव क्षेत्र झाली. बांध आणि दारं मात्र ठेवली. आता पक्ष्यांना किती चिखल उघडा हवा त्या हिशेबाने पाणी सोडतात.

मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि कोळंबीवाले खय गेले?"

मी इथे नऊ वर्षं राहते, सुंगेई बुलोला दहा वेळा तरी गेले असेन. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कोळंबीवाले गेले ते एचडीबीच्या इमारतींत. 1966 च्या भूसंपादन कायद्याने सरकारला जमीन घेता येत होती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत या बेटावरची बहुतेक खेडी आणि शेतं उठली, लोकांना घरं मिळाली, बंदरात, कारखान्यांत, दुकानांत कामं मिळाली. इथे राखीव जंगल सांभाळणं त्या मानाने सोपं आहे. आत माणूसच राहत नाही. दंड जबर, लाकडी पायवाट स्वच्छ, आणि घरी जाऊन जेवायला प्रत्येकाची दुसरीकडे सोय. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. इतक्या लहान देशाने एवढं तरी राखलं, याचं मला कौतुकच आहे. पण ही रीत उचलून वेंगुर्ल्यात लावायची म्हटली, तर मामांना कुठल्या इमारतीत पाठवायचं?

त्याच बांधावर बसून त्यांनी मनातलं सांगितलं. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा खाजणाचा बांध फुटला. दुरुस्तीला एकट्याचा पैसा पुरेना, मुलगे मुंबईला, शेजारच्यांनीही शेती सोडलेली. खारं पाणी एकदा आत आलं की भात संपला. दोन-चार वर्षांत तिवर उभं राहिलं. ते काढून पुन्हा शेत करावं म्हटलं तर गुन्हा. "सरकारान सांगल्यान, तोडू नको. बरां. मगे करू काय, ता कोणी सांगलां?"

कायदा काय आहे ते मला मामांपेक्षा पुस्तकी भाषेत माहीत होतं, इतकंच. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून खारफुटीला सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातलं आहे. मुंबईत भराव घालून खारफुटी मारणं चाललं होतं, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यभर तोड थांबवली आणि 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात ती बंदी पक्की केली. जमीन सरकारी असो वा खाजगी, झाड तोडायचं नाही, भराव नाही, भोवतालच्या 50 मीटरांत बांधकाम नाही. परिणाम दिसतो. वनसर्वेक्षणाच्या 2005 च्या अहवालात महाराष्ट्राची खारफुटी 186 चौरस किलोमीटर होती, 2021 च्या अहवालात 324. मोजणी सुधारली हाही त्यातला भाग असेल, तरी वाढ खोटी नाही. पण त्या आकड्यात मामांच्या भाताच्या खाचरांसारखी किती खाचरं बसली असतील, असं आता मनात येतं.

बंदीने झाड वाचतं हे खरं. पण ज्याच्या सातबाऱ्यावर ते उगवलं त्याच्या लेखी ते फक्त नुकसान असेल, तर रात्री पाणी अडवणारा कुणीतरी त्याला भेटतोच. आम्हाला भेटलाच होता.

त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने सगळ्यांना चिली क्रॅब खायला नेलं. काचेच्या टाकीत दोरीने बांधलेल्या कुर्ल्या एकावर एक. मामा वाकून बघत होते. "ही खाडयेची कुर्ली. आपलीच." तीच जात. सिंगापूरच्या या प्रसिद्ध पदार्थाला लागणारी ही मोठी कुर्ली बरीचशी श्रीलंकेसारख्या देशांतून येते, खारफुटीच्या चिखलात वाढलेली. भाव किलोवर लिहिला होता. मी तो रुपयांत करून सांगितला नाही, मामांनी स्वतःच केला आणि जेवण होईपर्यंत गप्प राहिले.

घरी आल्यावर आम्ही कागद बाजूला ठेवून फोन लावायला बसलो. महाराष्ट्राने 2012 मध्ये खारफुटीसाठी वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. 2017 मध्ये कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आली. गावात समिती करायची, लोकांनी खारफुटी राखायची, आणि झाड न तोडता जे पिकेल त्यासाठी शासन पैसे देणार: खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातला जिताडा, पर्यटन. गटाने केलं तर खर्चाचे 90 टक्के, एकट्याने केलं तर 75. त्याआधीच सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने असे प्रयोग झाले होते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून पर्यटकांना होडीतून खारफुटी दाखवतात, वल्हं त्यांच्याच हातात. मामांनी त्या होड्या पाहिल्या होत्या, पण "बायकांचा काम" म्हणून सोडून दिलं होतं. (मामींनी फोनवरून यावर जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.)

मच्छीमारांसाठीही या कक्षाची आणि मत्स्यव्यवसाय विभागाची एक योजना आहे, ती मला फार आवडते. जाळ्यात कासव किंवा देवमासा अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर फोटो दाखवून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासव मारू नका हे तर आधीपासून होतंच. कापलेल्या जाळ्याचं काय, हे कुणीतरी विचारलं.

खेकडापालन म्हणजे लॉटरी नव्हे, हे वाडीतल्या बचत गटाच्या ताईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं. झाडांमध्ये जाळीचं कुंपण घालायचं, बीज बाहेरून आणायचं, रोज मासळीचं खाणं द्यायचं, आणि कुर्ली भरायला आठ-नऊ महिने. कवच टाकून मऊ पडलेल्या कुर्लीला दुसऱ्या कुर्ल्याच खातात. चोरी होते. पाणमांजरं येतात. सुंगेई बुलोत आम्ही पाणमांजरांचं अख्खं कुटुंब पाहिलं होतं, पन्नास माणसं मोबाईल धरून उभी. मामा तेव्हाच पुटपुटले होते, "हयसर फोटो काढतत, आमच्याकडे कुर्लेचो हिशोब करूक लागता."

त्या ताईंच्या गटाला जागा हवी होती, आणि मामांकडे जागेशिवाय काही नव्हतं.

संमतीपत्रावर मी सही केली नाही. त्याऐवजी गटाला जागा वापरू द्यायला माझी हरकत नाही, असं मामांच्या नावे मुखत्यारपत्र केलं आणि ग्रेंज रोडच्या भारतीय उच्चायुक्तालयात जाऊन साक्षांकित करून घेतलं. गावी ज्यांची सामाईक जमीन आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं, नुसता सही केलेला कागद तिकडे चालत नाही. दादा नाराज आहे. पुण्याच्या फ्लॅटचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे आणि विक्रीचे पैसे त्याला हवे होते. मी सिंगापुरात बसून निसर्ग वाचवते, असं तो म्हणाला. त्याचं सगळंच चूक आहे असं मला म्हणता येत नाही. त्याची सही अजून नाही, म्हणून तूर्त मामांच्या वहिवाटीतल्या एका कोपऱ्यातच जाळी लागली आहे. भाऊबीजेला मी त्याला फोन करणार आहे.

गेल्या आठवड्यात मामांनी व्हिडिओ पाठवला. चार बायका गुडघाभर चिखलात, मामा बांधावर उभे राहून सूचना देतायत आणि कुणीही ऐकत नाहीये. खाली त्यांचा आवाजी निरोप: "बाय, जाळयेभोवती पावलां दिसली. तुझ्या सिंगापूरची पाणमांजरां हय इली."