बाबांचा सिबिल आणि आपलं लोन

दरवर्षी कॅपचे राउंड सुरू झाले की हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बाबाचा सिबिल खराब आहे म्हणते बँकवाले, लोन नाही होत." सांगणारा पोरगा खाली बघून सांगतो, जणू घरात कोणी चोरी केली आहे. मी पुलगावजवळच्या खेड्यातला. आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि थोडी तूर. २०२२ साली माझ्या ॲडमिशनच्या वेळी हेच वाक्य मलाही काउंटरवर ऐकायला मिळालं होतं. त्या वेळी जी माहिती गोळा करावी लागली आणि पुढे तीन वर्षांत हॉस्टेलच्या मित्रांचे रिपोर्ट बघताना जी वाढत गेली, ती इथे मांडतो. फायनान्स हा काही माझा विषय नाही, मी मेकॅनिकलचा. पण हे गणित एम-थ्रीपेक्षा सोपं आहे.

आधी हा सिबिल म्हणजे काय ते बघू. सिबिल ही सरकारी कचेरी नाही आणि बँकही नाही. ती २००० साली स्थापन झालेली एक कंपनी आहे. कोणी किती कर्ज घेतलं, हप्ता किती दिवस उशिरा भरला, ही माहिती बँका तिच्याकडे पाठवतात आणि ती साठवून ठेवते. आता अशा चार कंपन्या आहेत : सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यासाठी २००५ चा कायदा आहे आणि देखरेख रिझर्व्ह बँकेची. स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याच्या नावापुढे उणे एक येतो. उणे एक म्हणजे वाईट नव्हे, पाटी कोरी आहे एवढाच त्याचा अर्थ. अमुक स्कोअरच्या खाली कर्ज देऊ नका असा नियम रिझर्व्ह बँकेने केलेला नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही सांगितलं. म्हणजे आकडा बघून काय करायचं हे त्या त्या बँकेचं धोरण असतं.

आता आपल्या भागातल्या माणसांचा सिबिल बिघडतो कसा? शहरात क्रेडिट कार्डाने बिघडतो, आपल्याकडे पीककर्जाने. इतर कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं. कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला दोन हंगामांची सूट असते. २०१४ आणि २०१५ असे दोन दुष्काळ लागोपाठ आले तेव्हा ते दोन हंगाम कधी संपले हे कोणाला कळलंही नाही. त्यात वर्धा जिल्हा मध्यवर्ती बँकेची कथा वेगळीच. २००२ च्या होम ट्रेड घोटाळ्यात विदर्भातल्या ज्या जिल्हा बँकांचे पैसे अडकले त्यात नागपूरबरोबर वर्ध्याचीही बँक होती, आणि २०१२ च्या सुमारास रिझर्व्ह बँकेचे निर्बंधही आले. गावच्या सोसायटीतून कर्ज मिळणं मुश्कील झालं तसे लोक राष्ट्रीयीकृत बँकांकडे, मायक्रोफायनान्सकडे, नाही तर सावकाराकडे वळले. सावकाराची उधारी सिबिलमध्ये दिसत नाही, बँकेची दिसते. त्यामुळे कागदावर कधी कधी असा विनोद होतो, की जो सरळ मार्गाने बँकेत गेला त्याचाच रेकॉर्ड खराब. पुलगावची कापड मिल बंद पडल्यावर ज्यांची नोकरी गेली, त्यांच्यातल्या कित्येकांचं हेच झालं.

मग कर्जमाफी आली. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाखापर्यंत. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना, दोन लाखांपर्यंत. आमच्या बाबांचं नाव २०१७ च्या यादीत होतं. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो. इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. कर्ज माफ होणं आणि रेकॉर्ड साफ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पाहिलेल्या रिपोर्टांत माफी झालेलं खातं तीन प्रकारे दिसलं. काहींत 'क्लोज्ड', म्हणजे पूर्ण मिटलं. काहींत 'सेटल्ड', म्हणजे बँकेने कमी पैशात तडजोड केली, आणि हा शब्द बँकवाल्यांना आवडत नाही. आणि काहींत तर खातं चालूच, थकबाकीसकट! आमचं या तिसऱ्या प्रकारातलं. पैसे सरकारकडून जमा होऊन पाच वर्षं झाली होती, बँकेचं नील प्रमाणपत्र ट्रंकेत होतं, आणि रिपोर्टमध्ये बाबा अजून थकबाकीदारच होते.

म्हणून पहिलं काम, रिपोर्ट काढा. बँकवाला तोंडाने "स्कोअर कमी आहे" म्हणतो ते पुरेसं नाही. त्या आकड्याच्या मागे काय आहे ते बघायला पाहिजे. २०१७ पासून चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. पैसे मागणारं पान उघडलं तर ते बंद करून फुकटवालं शोधा, ते जरा लपवूनच ठेवलेलं असतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. बाबांचाच नाही, आईचाही काढा आणि आपला स्वतःचाही.

रिपोर्टमध्ये खात्यांची यादी असते. प्रत्येक खात्यापुढे महिन्यांचे चौकोन, त्यात हप्ता किती दिवस उशिरा आला तो आकडा. शून्य असेल तर ठीक. बाबांच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी निघाल्या. एक, ते माफ झालेलं पीककर्ज. दुसरी, जुन्या मोटरसायकलचं कर्ज. सगळे हप्ते भरलेले, पण शेवटी काही दंडाचे हजार-बाराशे रुपये राहिलेले, ज्याचा निरोप घरी कधी आलाच नव्हता. तिसरी गोष्ट बाबांच्या स्वतःच्या कर्जाची नव्हतीच. एका नातेवाइकाच्या ट्रॅक्टरला ते जामीनदार होते आणि ट्रॅक्टरचे हप्ते थकले होते. जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही ते कर्ज दिसतं, हे आपल्या गावांत फार थोड्यांना माहीत आहे. सही म्हणजे नुसता शब्द असं आपण समजतो.

या तिन्हींचे इलाज वेगवेगळे. चुकीची नोंद असेल तर त्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाकायची आणि सोबत बँकेलाही लेखी अर्ज द्यायचा, कारण दुरुस्ती बँकेने कळवल्याशिवाय होत नाही. एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई. हे वाक्य अर्जात नम्रपणे लिहिलं तर अर्ज जरा लवकर हलतो. तिथेही काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, त्याच्याकडे तक्रार करायला फी नाही आणि वकीलही लागत नाही. किरकोळ बाकी असेल तर ती भरून टाकायची, पण पावतीवर न थांबता 'नो ड्यूज' घ्यायचं. 'सेटल्ड' असेल तर बँकेत जाऊन विचारायचं, फरकाची रक्कम किती? ती भरली तर खातं 'क्लोज्ड' करून मिळू शकतं. आणि जे खरोखर थकलेलं आहे, जसा तो ट्रॅक्टर, त्याला मात्र जादू नाही. नागपूर-वर्ध्याकडे "पाच हजारांत सिबिल क्लिअर" अशा पाट्या दिसतात. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही, ती निदान सात वर्षं राहते. पाट्यावाला तुमच्याच नावाने तक्रारीचा फॉर्म भरतो, जो तुम्ही फुकट भरू शकता.

आता महत्त्वाचा मुद्दा. शैक्षणिक कर्ज हे गाडीच्या कर्जासारखं नाही. २००१ पासून बँकांच्या संघटनेची म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श योजना आहे. तिच्यात मुख्य कर्जदार विद्यार्थी असतो, पालक सहकर्जदार. कर्ज फिटणार ते पोराच्या पुढच्या कमाईतून, बापाच्या आजच्या कमाईतून नाही, हा तिचा पायाच आहे. चार लाखांपर्यंत तारण नाही आणि मार्जिनही नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून केंद्राच्या हमी निधीचं कवच आहे, म्हणून तिथेही शेत गहाण ठेवायची गरज नाही. नाकारायचं असेल तर शाखेने वरच्या अधिकाऱ्याची संमती घेऊन, कारण कळवून नाकारावं, असं मार्गदर्शन आहे. "तुमचं गाव आमच्या एरियात येत नाही" हेही कारण चालत नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच ते बंद केलं आहे. तरी बहुतेक वेळा नकार तोंडीच मिळतो, कारण तोंडी नकाराची नोंद राहत नाही. म्हणून विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा. अर्जाला नंबर पडतो आणि नंबर पडलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

केरळ उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न दोनदा आला. २०२० मध्ये न्यायालयाने म्हटलं की पालकांचा स्कोअर असमाधानकारक आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, विद्यार्थ्याची शिक्षणानंतरची फेडण्याची क्षमता बघायला हवी. मे २०२३ मधलं प्रकरण विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच खराब स्कोअरचं होतं. एका कर्जाचे १६,६६७ रुपये थकलेले, दुसरं बँकेने राइट ऑफ केलेलं. तरीही स्टेट बँकेने कर्ज द्यावं असा अंतरिम आदेश झाला. केरळचा निकाल महाराष्ट्रातल्या शाखेवर बंधनकारक नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण अर्जात त्याचा उल्लेख केला तर मॅनेजर फाइल वर पाठवायला तयार होतो, असा अनुभव आहे. मात्र मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी "सिबिल मागाल तर गुन्हा दाखल करू" असा जो इशारा बँकांना दिला, तो शेतकऱ्यांच्या पीककर्जाबद्दल होता. त्याचं कात्रण घेऊन शैक्षणिक कर्ज मागायला जाऊ नका. एक जण गेला होता, मॅनेजरने चहा पाजून परत पाठवला.

आमच्या घरी शेवटी सहकर्जदार म्हणून आईचं नाव दिलं. पालक म्हणजे बापच असं कुठे लिहिलेलं नाही! आईच्या बचत गटाचे हप्ते नियमित होते, तिच्या नावावर दुसरं काही नव्हतं. बाबांना हे थोडं लागलं. ते काही बोलले नाहीत, पण बँकेत आले नाहीत. शेजारच्या काकाजींनी त्यांना सांगितलं, "अरे, सही तिची अन् पोरगा दोघाईचा, तुले काय त्रास हाये?" यात एक धोका सांगायला हवा. आईने मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं असेल तर तेही रिपोर्टमध्ये येतं, गटातल्या दुसऱ्या बायकांमुळे हप्ता चुकला असेल तरी. म्हणून आईचा रिपोर्ट आधी बघा, मग नाव द्या.

कर्ज जेवढं कमी तेवढं बरं, हेही तितकंच खरं. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर निम्मी ट्यूशन फी मिळते. कॅपमधून आलेल्या पात्र मुलींची २०२४-२५ पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. हॉस्टेलच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, अल्पभूधारकांच्या मुलांनी तो सोडू नये. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. त्यासाठी कोर्सला एनबीए किंवा संस्थेला नॅक लागतं, ऑफिसात विचारून घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना चांगली आहे, पण ती यादीतल्या संस्थांपुरती. सुरुवातीची यादी ८६० संस्थांची होती.

व्याजाचा हिशोब एकदा करून बघा. दरवर्षी एक लाख असे चार लाख उचलले, दर समजा १० टक्के. शिकताना आणि नंतरच्या एका वर्षात सरळ व्याज लागतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, मग ३०,००० आणि २०,०००. एकूण १,४०,०००. म्हणजे फेड सुरू होताना ५,४०,०००, आणि दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ७,१०० रुपये. व्याज सरकारने भरलं तर हाच हप्ता ५,३०० च्या आसपास येतो. उत्पन्नाचा एक दाखला वेळेवर काढला नाही म्हणून हा फरक पोरं दहा वर्षं भरत राहतात.

आणि हे लोन आपल्या नावाने आपल्या रिपोर्टमध्ये पहिल्या दिवसापासून दिसतं, सहकर्जदाराच्याही. आपला हप्ता चुकला की आईचा रेकॉर्ड जातो. फर्स्ट इयरला मोबाइल हप्त्यावर घेणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा. दोन हजारांच्या हप्त्यापायी पुढे एमटेकचं लोन अडलेला एक सीनियर मला माहीत आहे.

हे सगळं जुलैमध्ये सुरू केलं तर उशीर होतो. दुरुस्तीला महिना-दीड महिना लागतो, म्हणून घरी धाकटं भावंडं बारावीला असेल तर फेब्रुवारीतच रिपोर्ट काढा. ज्यांना वाचायला मदत हवी त्यांनी रविवारी मेसनंतर माझ्या खोलीवर यावं. घरच्यांचा पॅन नंबर आणा. ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो, तेव्हा बाबा शेतात नसतील आणि फोनला रेंज असेल अशी वेळ आधी ठरवून या.