जुन्या मारुती ८०० ला इंजिन कोणते?

नागपूर : १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही अनेक कुटुंबांनी ही गाडी जिव्हाळ्याने सांभाळली आहे. इंजिन थकले, की मालकासमोर प्रश्न उभा राहतो : तेच दुरुस्त करावे, की दुसरे बसवावे?

सर्वप्रथम बिघाडाचे निदान आवश्यक आहे. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. कमी भरल्यास त्यात थोडे ऑईल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग वा सिलिंडर झिजल्याचे समजावे. न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये असतो. दुसऱ्या स्थितीत केवळ हेडचे काम पुरते आणि इंजिन बदलण्याचा खर्च वाचतो.

ब्लॉक सुस्थितीत असेल तर बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन व रिंग बसविणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. इंजिन क्रमांक तोच राहतो. ब्लॉकला तडा गेला असल्यास त्याच प्रकारचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन शोधावे. कार्बोरेटरच्या गाडीत एमपीएफआय इंजिन घालायचे झाल्यास कॉम्प्युटर, सेन्सर, वायरिंग आणि विजेवर चालणारा पेट्रोल पंप हे सारेच बदलावे लागते.

अनेकांना मोह होतो तो झेनच्या ९९३ सीसी, चार सिलिंडरच्या इंजिनाचा. मात्र पुढच्या चाकांवर चालणाऱ्या या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स व अॅक्सल एकाच अरुंद जागेत आडवे बसतात. त्यामुळे माउंटिंग, अॅक्सलची लांबी, रेडिएटर या सर्वांचा मेळ घालावा लागतो. सुमारे ३७ अश्वशक्तीच्या हिशेबाने योजलेल्या ब्रेकवरही ताण येतो. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या नागपुरात अपुरा रेडिएटर म्हणजे गाडी उकळण्यास निमंत्रणच!

कायद्याची अडचण त्याहून मोठी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. सीसी वाढविणे या कक्षेत येते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकास अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच प्रकारचे इंजिन बसविले तरी १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नवा क्रमांक नोंदवावा लागतो. जुने इंजिन घेताना पक्की पावती मागावी. त्यावरील क्रमांक खोडलेला आढळल्यास व्यवहार टाळावा, कारण ते चोरीच्या गाडीचे असू शकते. विमा कंपनीलाही बदल कळवावा. क्रमांक जुळला नाही तर अपघातानंतर भरपाई अडकण्याचा धोका असतो.

सारांश, रोजच्या वापरासाठी मूळ इंजिनाची दुरुस्ती हाच पहिला पर्याय आणि त्याच जातीचे इंजिन हा दुसरा. अधिक वेगाची हौस असेल, तर दुसरी गाडी घेणेच शहाणपणाचे ठरते.