आठवणीची किंमत : उघड्यावरची आइस हॉकी

मागच्या वेळी आपण मूल्य आणि किंमत यांतला फरक पाहिला. आज त्याचं एक उदाहरण घेऊ. हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. पण आज बोलायचंय ते उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीबद्दल.

हा व्यावसायिक खेळ एरवी बंदिस्त रिंगणात चालतो. तिथे अठरा-वीस हजार माणसं मावतात. १ जानेवारी २००८ रोजी एनएचएल या लीगने बफेलोच्या फुटबॉल स्टेडियममध्ये पहिली ‘विंटर क्लासिक’ भरवली. पडत्या बर्फात ७१,२१७ प्रेक्षक आले! २०१४मध्ये मिशिगन स्टेडियमचा आकडा होता १,०५,४९१. म्हणजे एका दिवसात पाच सामन्यांचे प्रेक्षक.

आता पैसा कसा फिरतो ते बघा. एरवी तिकिटांचं उत्पन्न यजमान संघाचं. इथे आयोजन लीगचं. संघाला हुकलेल्या घरच्या सामन्याची भरपाई मिळते. तात्पुरती रिंक, बर्फ गोठवणारी यंत्रं हा खर्च आहेच. पण प्रायोजक, नववर्षदिनाचं टीव्ही प्रक्षेपण, खास जर्सी ही कमाईही आहे. लीगच्या एकूण कमाईच्या वाटणीवरून २०१२मध्ये मालक आणि खेळाडूंचं बिनसलं, टाळेबंदी झाली आणि जानेवारी २०१३चा सामनाच रद्द झाला. पुढे निम्मी-निम्मी वाटणी ठरली.

पण मग विकलं काय जातं? खेळ तर नव्हे. इतक्या लांबून चकती धड दिसतसुद्धा नाही. विकली जाते ती गोठलेल्या तळ्यावर खेळलेल्या बालपणाची आठवण. आणि ती ज्यांची नाही, त्यांनाही. २०१४मध्ये लॉस एंजेलिसच्या बेसबॉल मैदानावर सामना झाला. तिथे कुठलं तळं गोठतंय? त्या हंगामात असे सहा सामने झाले. त्यांतल्या व्हँकुव्हरच्या सामन्यात पावसामुळे स्टेडियमचं छप्परच बंद ठेवावं लागलं! उघड्यावरचा सामना, तोही छपराखाली.

अति तेथे माती, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. दुर्मीळपणामुळे जिची किंमत चढते, ती गोष्ट वारंवार विकली की किंमत उतरणारच.

तरी तिकीट काढणाऱ्याला आम्ही मूर्ख म्हणणार नाही. थंडीत मुलाला शेजारी घेऊन बसलेल्या बापाने विकत घेतलेली आठवण उसनी असेल. पण त्या मुलाची त्या दिवसाची आठवण खरीच आहे. तिच्यावर मालकी कुणाची, लीगची की त्या मुलाची? याचा विचार करून या. पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.